देवरीला रूळ का नाहीत? दीडशे वर्षांची सरकारी देखरेख आणि तिच्या नजरेतून सुटलेला प्रवासी

१/
गोंदिया जिल्ह्यातील देवरी या तालुक्याच्या गावातून मुंबई–कोलकाता महामार्ग जातो. रात्रंदिवस ट्रक धावतात, पूर्वेला शिरपूरचा सीमा तपासणी नाका आणि त्यापलीकडे छत्तीसगड. पण आगगाडीची शिट्टी ऐकायची तर उत्तरेला आमगावपर्यंत जावे लागते. असे का, या प्रश्नाला दोन ठरलेली उत्तरे मिळतात. पहिले, इथे डोंगर-जंगल होते. दुसरे, इथे प्रवासीच नाहीत. पहिले उत्तर अर्धे खरे आहे. दुसरे खोटे आहे, आणि ते खोटे सरकारी कागदावर कसे तयार झाले याला इतिहास आहे.

२/
आरंभ रेल्वेपासून नव्हे, रस्त्यापासून करावा लागतो. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि १८६२ ते १८६७ या काळात सर रिचर्ड टेंपल तेथे चीफ कमिशनर होते. नागपूरहून भंडारा, साकोली, देवरी, राजनांदगाव करीत रायपूरकडे जाणारा 'ग्रेट ईस्टर्न रोड' ही त्या काळाची देणगी. रायपूर-राजनांदगावात आजही त्या रस्त्याला 'जी. ई. रोड' म्हणतात, तिथल्या कित्येक तरुणांना ही अक्षरे कशाची, हे ठाऊक नसते.

३/
छत्तीसगड म्हणजे भाताचे कोठार, पण कुलूप लावलेले. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य लादून बाहेर काढीत, पुढे रस्ता झाल्यावर गाड्या आल्या. देवरी या वाटेवरचे गाव होते. म्हणजे रेल्वे येण्यापूर्वी देवरी मुख्य वाटेवर होती आणि आमगाव आडवाटेला. हे उलटे कसे झाले?

४/
१८७० नंतर हिंदुस्थान सरकारने काही मार्ग कंपन्यांकडे न देता स्वतः बांधायला घेतले. त्यातलाच एक 'नागपूर–छत्तीसगड स्टेट रेल्वे', मीटरगेज. १८८२ मध्ये तो राजनांदगावपर्यंत पोहोचला. त्याने रस्त्याची वाट सोडली. तुमसर, तिरोडा, गोंदिया, आमगाव या भाताच्या सपाट पट्ट्यातून तो उत्तरेने गेला आणि सालेकसा-दरेकसाच्या घाटातून डोंगरगडला उतरला. साकोली-देवरीची दाट जंगलाची बाजू दक्षिणेला राहिली.

५/
अभियंत्यांना येथे दोष देण्याचे कारण नाही. धान्य जिथे पिकते आणि जमीन जिथे सपाट आहे तिथून रूळ नेणे हा त्यांच्या हिशेबाने शहाणपणाचाच निर्णय होता. प्रश्न हिशेबाचा आहे. त्यात गाड्या भरतील किती मणांनी, हा रकाना होता. माणसे कुठून कुठे जातात, हा रकाना गौण होता. घाट तर दरेकसालाही होता, तिथे डोंगर फोडून बोगदा काढला गेला. 'डोंगर-जंगल होते' हे उत्तर अर्धे खरे म्हणायचे ते यासाठी.

६/
१८८७ मध्ये लंडनमध्ये 'बंगाल नागपूर रेल्वे' ही कंपनी उभी राहिली. हा मीटरगेज मार्ग तिच्या हाती आला, लगेच ब्रॉडगेज झाला आणि १८९१ मध्ये आसनसोलला जाऊन भिडला. आसनसोल म्हणजे कोळसा. पुढे १९०० मध्ये हावड्याशी थेट सांधा जुळला. गोंदियाहून उत्तरेला नैनपूर-जबलपूरकडे आणि दक्षिणेला नागभीड-चांद्याकडे अडीच फुटी नॅरोगेज फाटे विसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकात निघाले. बालाघाटचे मँगनीज, जंगलाचे लाकूड, भात, पुढे बिडीपत्ता. गोंदियाचे जंक्शन असे घडले.

७/
या कंपन्यांवर सरकारचे लक्ष नव्हते असे समजू नये. लक्ष कडक होते. १८४९ मध्ये ईस्ट इंडियन आणि ग्रेट इंडियन पेनिन्शुला या कंपन्यांशी झालेल्या करारांपासून सरकारने भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी दिली होती. धंदा तोट्यात गेला तर तूट रयतेच्या महसुलातून भरायची. नंतरच्या कंपन्यांना दर कमी मिळाले, तत्त्व तेच राहिले. म्हणून सरकारचे 'कन्सल्टिंग इंजिनियर' कंपनीच्या खर्चाला मंजुरी देत, हिशेब तपासत, आराखडे परत पाठवीत. देखरेख होतीच. ती भागधारकाच्या पैशावर आणि तिजोरीच्या जोखमीवर होती. डब्यात पाणी आहे का, गाडी वेळेवर येते का, फलाटावर सावली आहे का, हे पाहणे कोणाचे काम आहे, हे करारात लिहिलेले नव्हते.

८/
समाजमाध्यमांवर 'इंग्रजांनी रेल्वे दिली' हे वाक्य महिन्यातून एकदा तरी फिरते. त्या वाक्यातील 'दिली' हे क्रियापद काढून टाकावे. हमीचे पैसे रयतेचे, जमीन रयतेची, आणि रूळ, इंजिने यांची मागणी प्रामुख्याने विलायतेतल्या कारखान्यांकडे. पुणे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात लिहिणारे गणेश व्यंकटेश जोशी यांनी एकोणिसाव्या शतकातच हा हिशेब मांडला होता. रेल्वेवरचा खर्च हा खरे तर इंग्लंडच्या उद्योगांना दिलेला मदतीचा हात आहे, असा त्यांचा रोख. जोशी सरकारी शाळाखात्यात नोकरीला होते हे लक्षात घेतले म्हणजे त्या लेखणीचे मोल कळते.

९/
या मार्गाची पहिली मोठी कसोटी दुष्काळात लागली. १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दोन्ही दुष्काळांत मध्य प्रांत होरपळला. रेल्वेने बाहेरचे धान्य आत आणले, हे मान्य केलेच पाहिजे. दुसऱ्या दुष्काळात त्याने जीव वाचले. पण चांगल्या वर्षांत गावातल्या पेवांत राहणारे धान्य याच रुळांवरून बाजारात निघून जाऊ लागले होते, हेही तितकेच खरे. पेव रिकामे आणि हातात मजुरी नाही, अशा माणसाला स्टेशनवर आलेल्या तांदळाचा उपयोग तो विकत घेता आला तरच. आमगावच्या फलाटावर धान्य उतरणे आणि देवरीपलीकडच्या चिचगडच्या जंगलातील गोंडाच्या चुलीपर्यंत ते पोहोचणे यांत बैलगाडीची वाट होती. ती वाट ना कंपनीच्या जमाखर्चात होती, ना कन्सल्टिंग इंजिनियरच्या अहवालात.

१०/
आता तिसऱ्या वर्गाकडे. हिंदुस्थानी रेल्वेचे बहुसंख्य प्रवासी तिसऱ्या वर्गाचे होते आणि प्रवासी उत्पन्नाचा मोठा वाटा त्यांच्याच खिशातून येत होता. पहिल्या वर्गाच्या गाद्या त्या पैशावर टिकून होत्या. १९१७ मध्ये गांधींनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. त्यातील घाणीचे वर्णन सर्वांना आठवते, पण मुद्दा हिशेबाचा होता: भाड्यांतील फरकाच्या मानाने सोयींतील फरक कितीतरी मोठा, म्हणजे गरीब प्रवासी श्रीमंत प्रवाशाचा खर्च उचलतो.

११/
येथे एक आडवळण घ्यावेसे वाटते. २०१६ पासून रेल्वेच्या तिकिटावर एक ओळ छापून येऊ लागली: प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी फक्त ५७ टक्केच रेल्वेला भाड्यातून मिळतात. तिकीट हातात घेणाऱ्याला आपण उपकारात प्रवास करतो आहोत, याची जाणीव व्हावी, हा उद्देश. तिसऱ्या वर्गाच्या पैशावर पहिला वर्ग पोसला जात होता त्या काळात मात्र पहिल्या वर्गाच्या तिकिटावर अशी ओळ छापण्याचे कोणाला सुचले नाही.

१२/
देखरेखीच्या इतिहासात १९२०–२१ ची ॲक्वर्थ समिती मैलाचा दगड आहे. अध्यक्ष सर विल्यम ॲक्वर्थ. सदस्यांत श्रीनिवास शास्त्री आणि पुरुषोत्तमदास ठाकुरदास. बहुमताने समितीने सांगितले की कंपन्यांचा कारभार संपवून सरकारने रेल्वे स्वतः चालवावी, रेल्वेचा हिशेब सामान्य अर्थसंकल्पातून वेगळा करावा आणि प्रवासी-व्यापाऱ्यांच्या सल्लागार समित्या नेमाव्यात. १९२४ मध्ये रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा झाला. सल्लागार समित्याही आल्या. आजच्या विभागीय आणि क्षेत्रीय रेल्वे प्रवासी सल्लागार समित्या त्यांच्याच वंशातल्या. नावातला 'सल्लागार' हा शब्द शंभर वर्षांत बदललेला नाही. समिती सल्ला देते, प्रशासन नोंद घेते, आणि नोंद घेतल्याची नोंद होते.

१३/
वेगळ्या अर्थसंकल्पाचा मात्र एक खरा लाभ झाला. वर्षातून एकदा विधिमंडळात रेल्वेवर स्वतंत्र चर्चा व्हायची, आणि लोकप्रतिनिधी नाममात्र रकमेच्या कपात सूचना मांडून तिसऱ्या वर्गाचे गाऱ्हाणे सभागृहात नेऊ शकायचे. इंग्रजी राजवटीत प्रवाशाला मिळालेला हा एकमेव दिवस. त्याची पुढची गोष्ट खाली येईल.

१४/
१९३० च्या दशकात मोटारगाडी आली आणि चित्र बदलू लागले. लॉरीवाले, बसवाले रेल्वेचे प्रवासी पळवू लागले. मंदीत आधीच खिळखिळी झालेली रेल्वे घाबरली. मिचेल आणि कर्कनेस यांनी १९३३ मध्ये रेल्वे-रस्ता स्पर्धेवर अहवाल दिला, १९३६–३७ ची वेजवूड समितीही याच काळजीत होती, आणि १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. परमिट, प्रादेशिक परिवहन प्राधिकरण, वेळापत्रकाची मंजुरी या सर्व गोष्टी येथून सुरू होतात. सुरक्षिततेचे हेतू त्यात होतेच, पण रेल्वेच्या उत्पन्नाला रस्त्याच्या 'अनाठायी' स्पर्धेपासून वाचवणे हाही उघड हेतू होता.

१५/
देवरीच्या दृष्टीने या कायद्यातील विनोद पाहावा. जिथे रेल्वेच नव्हती तिथेही परमिटाचा फास तोच. १८८२ मध्ये रेल्वेने गावाला वगळले आणि १९३९ मध्ये रेल्वेच्या रक्षणासाठी बसला वेसण घातली. एकाच सरकारने एकाच गावाला दोनदा सांगितले की तुमची सोय आमच्या हिशेबात बसत नाही.

१६/
स्वातंत्र्यानंतर विचार बदलला, हे मान्य करायला हवे. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनची पहिली बस धावली. १९५० च्या रस्ता परिवहन महामंडळ कायद्यान्वये महामंडळे उभी राहिली आणि त्यांच्या भांडवलात राज्याबरोबर केंद्रही वाटा देई, तोही रेल्वेमार्फत. कल्पना सुंदर होती: आगगाडी आणि बस एकाच कुटुंबातल्या, एक जिथे थांबते तिथून दुसरी निघते. १ नोव्हेंबर १९५६ ला भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला (देवरी तेव्हा भंडाऱ्यातच) आणि नागपूरकडची प्रांतिक बससेवा महामंडळात विलीन झाली. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात नवे प्रकरण घालून मार्गांच्या राष्ट्रीयीकरणाचा रस्ता मोकळा झाला.

१७/
पुढे भांडवलातला केंद्राचा ओघ आटला आणि कुटुंब फुटले. आजही आमगावला उतरलेल्या प्रवाशासाठी देवरीची बस थांबवून ठेवण्याचे बंधन कोणावर नाही. रेल्वे बिलासपूरला उत्तर देते, एसटी भंडाऱ्याच्या विभाग नियंत्रकाला. मधले अंतर काळी-पिवळी भरून काढते, आणि तिच्यावर देखरेख म्हणजे अधूनमधून होणारी दंडाची पावती.

१८/
या काळातले एक नाव आदराने घ्यावे लागेल. १९७७ ते १९७९ या काळात मधु दंडवते रेल्वेमंत्री होते. तिसरा वर्ग १९७४ मध्ये नावापुरता संपून 'दुसरा' झाला होता. लाकडी फळी तीच होती. दंडवत्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात दोन इंच जाडीचा फोम बसवायला लावला. रेल्वे मंडळाच्या हिशेबात ही चैन होती. आज भारतात कोट्यवधी माणसे त्या दोन इंचांवर झोपून प्रवास करतात आणि हा निर्णय कोणाचा, हे त्यांना ठाऊक नसते. देखरेख करणारा माणूस प्रवाशाच्या पाठीचा विचार करू लागला की काय होते, याचे यापेक्षा सोपे उदाहरण सापडणार नाही.

१९/
गोंदिया-आमगावच्या मार्गावर मात्र फलक तेवढे बदलत गेले. १९४४ मध्ये बंगाल नागपूर सरकारने घेतली, १९५२ मध्ये पूर्व रेल्वे झाली, १९५५ मध्ये दक्षिण पूर्व रेल्वे, २००३ मध्ये बिलासपूर मुख्यालय असलेली दक्षिण पूर्व मध्य रेल्वे. १९९९ मध्ये गोंदिया–चांदा फोर्ट मार्गाचे रुंदीकरण पूर्ण झाले आणि त्याच वर्षी १ मे रोजी गोंदिया वेगळा जिल्हा झाला. जिल्हा कचेरी गोंदियात, जिल्ह्याचे मोठे रुग्णालय गोंदियात, २०१६ पासून वैद्यकीय महाविद्यालयही गोंदियात. देवरीच्या माणसाची गोंदियाकडची ये-जा वाढली. एसटीचा विभाग मात्र अजून भंडाऱ्यातच आहे.

२०/
आता ते लाडके वाक्य: 'लोक सार्वजनिक वाहनाने जातच नाहीत, म्हणून सेवा कमी करावी लागते.' या वाक्याचा शब्दक्रम तपासावा. २०२० च्या टाळेबंदीत प्रवासी गाड्या बंद झाल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या क्रमांकापुढे शून्य होते, नाव 'विशेष' होते आणि भाडे एक्सप्रेसचे. सामान्य गाडीचे किमान भाडे दहा रुपये होते, ते तीस झाले. आमगाव–गोंदियासारखा जवळचा प्रवास नेमका या किमान भाड्याच्या टप्प्यात येतो. गाडी तीच, डबे तेच, वेग तोच. हे सुमारे चार वर्षे चालले. फेब्रुवारी २०२४ मध्ये जुने भाडे परत आले. रोज गोंदियाला जाणाऱ्या मजुराने दरम्यान सेकंडहँड मोटारसायकल घेतली असेल, तर तो 'सार्वजनिक वाहन न वापरणारा' ठरला.

२१/
याच काळात नवे 'शून्याधारित' वेळापत्रक आले आणि कमी उत्पन्नाचे म्हणून देशभर छोट्या स्थानकांवरचे अनेक थांबे गेले. थांबा जातो, प्रवासी जातात, मग प्रवासी नाहीत म्हणून थांबा परत मिळत नाही. खासदाराने पत्र दिले, वृत्तपत्रात छायाचित्र आले, की एखादा थांबा 'प्रायोगिक तत्त्वावर' मिळतो आणि त्या गाडीला हिरवी झेंडी दाखवण्याचा समारंभ होतो. हक्काची गोष्ट हिसकावून भेट म्हणून परत देण्याची ही पद्धत जमीनदारीतली आहे.

२२/
एप्रिल-मे २०२२. वीजकेंद्रांत कोळसा कमी पडला आणि कोळशाच्या मालगाड्यांना वाट मिळावी म्हणून देशात प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द झाल्या. सर्वाधिक झळ बसलेल्या विभागांत दक्षिण पूर्व मध्य रेल्वे होती. छत्तीसगडच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी रेल्वेमंत्र्यांकडे जाहीर तक्रार केली. वीज हवी, हे कोणी नाकारत नाही. पण टंचाई आली की प्रथम कोणाला खाली उतरवायचे, हे ठरलेले होते. आसनसोलच्या कोळशासाठी जोडलेल्या मार्गावर सव्वाशे वर्षांनी तोच अग्रक्रम दिसावा, हा योगायोग नाही. मार्ग ज्या हिशेबाने बांधला, तो हिशेब अजून कोणी बदललेला नाही.

२३/
येथे विरोधी पक्षाचे म्हणणे नीट ऐकले पाहिजे. रेल्वे म्हणते: मालवाहतुकीच्या नफ्यातून प्रवासी सेवेचा तोटा भरतो, मालगाड्या थांबवल्या तर लोकलही थांबेल. नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले की २०१७–१८ मध्ये रेल्वेचे कार्यचालन गुणोत्तर ९८.४४ टक्के होते, म्हणजे शंभर रुपये मिळवायला जवळजवळ तेवढेच खर्च. ही चणचण खरी आहे. मात्र एकाच रुळावरून, एकाच सिग्नलखालून जाणाऱ्या मालगाडी आणि लोकल यांच्यात खर्चाची वाटणी कशी केली, यावर 'तोटा' किती हे ठरते, आणि ती वाटणी रेल्वे स्वतः करते. फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकच.

२४/
आणि रस्त्यावर कोणी तोटा मोजतो का? देवरीवरून जाणारा महामार्ग रुंद करताना 'या रस्त्याने आपला खर्च भाड्यातून किती वसूल केला', असे ट्रकच्या पावतीवर छापले जात नाही.

२५/
आता १९२४ च्या त्या एका दिवसाची गोष्ट. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी सुरेश प्रभूंनी शेवटचा स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प मांडला. २०१७ पासून तो सामान्य अर्थसंकल्पात विलीन झाला. स्वतंत्र अर्थसंकल्प म्हणजे नव्या गाड्यांच्या घोषणांची जत्रा झाली होती, हा आक्षेप रास्त होता. बिबेक देबरॉय यांच्या समितीने विलीनीकरण सुचवले होते. त्याच समितीने स्वतंत्र नियामकही सुचवला होता. पहिली सूचना अमलात आली. दुसरीचे काय? एप्रिल २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने 'रेल्वे विकास प्राधिकरणा'ला मान्यता दिली. भाडे, सेवा, स्पर्धा यांवर मत देणारे, पुन्हा सल्लागारच. तेही कामाला लागलेले दिसले नाही. १९०५ चा रेल्वे मंडळ कायदा रद्द करून मंडळाचे अधिकार १९८९ च्या रेल्वे कायद्यात आणणारे विधेयक संसदेने मार्च २०२५ मध्ये संमत केले, तेव्हाही स्वतंत्र नियामकाची मागणी झाली आणि बाहेर राहिली.

२६/
स्वतंत्र देखरेख अशक्य आहे असे कोणी म्हणेल, तर त्याला रेल्वे सुरक्षा आयुक्त दाखवावेत. १९४१ मध्ये इंग्रजांनीच रेल्वेचे निरीक्षक रेल्वे मंडळापासून वेगळे केले. कारण सरळ होते: गाडी चालवणाऱ्यानेच अपघाताची चौकशी करू नये. आज हे आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत, रेल्वेच्या नाहीत. म्हणजे प्रवासी गाडीत मेला तर स्वतंत्र चौकशी होते. तो फलाटावर तीन तास ताटकळला, त्याचा थांबा गेला, त्याचे भाडे तिप्पट झाले, तर चौकशी करणारा तोच जो गाडी चालवतो.

२७/
महाराष्ट्राच्या विधानसभेतही हा प्रश्न नीट विचारता येत नाही. राज्यघटनेत रेल्वे संघसूचीत आहे. एसटी राज्याची, पण तिच्या पाठीवर वर्षानुवर्षे साडेसतरा टक्के प्रवासी कराचे ओझे होते, आणि ज्या राज्याने कर घेतला त्याच राज्याने तिला तोट्याबद्दल बोल लावला. ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीचा संप चालला. शहरात त्याची बातमी झाली. देवरीसारख्या, स्वतःचे आगार नसलेल्या आणि साकोली-गोंदियाच्या गाड्यांवर अवलंबून असलेल्या गावी तो संप शाळेच्या हजेरीपटावर उमटणे अटळ होते.

२८/
'लोक वापरत नाहीत' याचे खंडन एसटीनेच केले आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे लागू झाले आणि बसगाड्या बायांनी भरून गेल्या. त्याआधी ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आणि मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्या मिळाल्या, तेव्हा मुली सातवीनंतरही शाळेत दिसू लागल्या. या बाया, या मुली आधी कुठे होत्या? घरीच होत्या, किंवा पायी चालत होत्या. कोणत्याही प्रवासी-गणनेत त्या नव्हत्या, कारण गणना चढलेल्यांची होते.

२९/
मागण्या अवघड नाहीत. प्रत्येक थांब्याचा प्रवासी आकडा आणि थांबा काढण्याचे कारण प्रसिद्ध करावे. प्रवासी सल्लागार समित्यांच्या बैठकांची इतिवृत्ते आणि प्रत्येक सूचनेचे काय झाले, हे मराठीत उपलब्ध असावे. आमगाव, सौंदड, गोंदिया या स्थानकांवरच्या गाड्यांशी एसटीचे वेळापत्रक बांधून घ्यावे आणि ती जबाबदारी एका अधिकाऱ्यावर नावानिशी टाकावी. यासाठी रूळ टाकावे लागत नाहीत, डोंगर फोडावे लागत नाहीत.

३०/
रूळ तर पडत आहेतच. नागपूर–राजनांदगाव तिसऱ्या मार्गिकेचे काम चालू आहे. एप्रिल २०२५ मध्ये गोंदिया–बल्लारशाह दुपदरीकरणाला मान्यता मिळाली, ऑक्टोबर २०२५ मध्ये गोंदिया–डोंगरगड चौथ्या मार्गिकेला. ८४ किलोमीटर, आमगाव-सालेकसा-दरेकसाच्या त्याच वाटेने. डिसेंबर २०२२ पासून नागपूर–बिलासपूर वंदे भारत याच रुळांवरून धावते, गोंदियाला थांबते आणि आमगाव ओलांडून निघून जाते. चौथ्या मार्गिकेने मालाची क्षमता किती वाढेल, याचा हिशेब मंजुरीबरोबरच जाहीर झाला. तिच्यावरून आमगावला थांबणाऱ्या किती गाड्या वाढतील, हे सांगण्याचे कायदेशीर बंधन आजही कोणावर नाही.